तार

सिरिंज अजून कोमट होती
जेव्हा वॉर्डबॉय ती माझ्या खिडकीत ठेवून गेला.
प्रयाग जुवाटकर, वय ५८, उजवा गुडघा.

सांध्यातलं पाणी मी आधी दोन बोटांत ताणून बघतो,
हातमोजा घालून, चुलीवरचा पाक बघावा तसं.
निरोगी असलं की तार धरतं,
चार बोटं लोंबतं, तुटत नाही.
हे तुटलं.
पेजेसारखं गढूळ, तळाशी हिरवट साका.

वॉर्डात कारणांची गर्दी होती.
जाऊ म्हणाली, वात.
शेजारीण म्हणाली, वांगं.
यंदा राखणदाराचा नारळ चुकला, तेही निघालं.
ज्याने आठ दिवस तेल लावून रगडलं
तो मात्र आलाच नव्हता.

मी काच जाळावरून फिरवली,
जांभळा रंग, आयोडीन, स्पिरिट, मग लाल.
भिंगाला डोळा लावला
आणि द्राक्षं दिसली.
घोसच्या घोस,
या किनाऱ्यावर, जिथे द्राक्षाचा एक वेल नाही.

ही आपल्याच नाकात राहतात, काखेत,
नखाच्या कडेला, बिनभाड्याने.
माझ्याही असतील.
फक्त दार लागतं.

दार तिच्या नडगीवर होतं,
दीड बोट लांब, हळद भरून बुजवलेलं.
अमावास्येच्या सुकतीला
तारामुंबरीच्या खडकावर कालवं काढताना
शिंपीची धार लागली होती.
"तां काय, दर वर्साचा," म्हणाली.
साखर तीनशेच्या वर, तीही दर वर्षाचीच.
तिथून रक्तात, रक्तातून गुडघ्यात,
जिथे कूर्चेला स्वतःचं रक्त नाही,
म्हणजे पहाराही नाही.

रात्री अकराला गुडघा उघडून धुतला,
सलाईनच्या नऊ बाटल्या.
मी थाळी सदतीस अंशांवर ठेवली,
लाईट गेली तेव्हा इन्व्हर्टरशी बसून राहिलो.
सकाळी मेंढीच्या रक्तावर
सोनेरी टिकल्या उठल्या होत्या.
म्हणू नये, पण सुंदर.
त्याला अहवालात रकाना नसतो.
जंतूचं नाव लिहिलं, कशाने मरतो ते लिहिलं.

चौथ्या दिवशी व्हरांड्यात तिने हाक मारली.
"कोणी खाल्ल्यान रे माझो गुडगो?"
तुझ्याच अंगावरचे होते, मावशी.
ती बराच वेळ पट्टीकडे बघत राहिली.
"घरचेच मगे," म्हणाली.
आणि मग,
"वाकतलो मां? पुनवेक मोठी सुकती."

ती तपासणी माझ्याकडे होत नाही.