दिवे लावण्याचे पैसे वेगळे

दुसऱ्या मजल्यावर अकरा दारं.
प्रत्येकावर पितळी पाटी, पाटीवर कंपनीचं नाव,
आणि आत माणूस म्हणाल तर मी एकटी,
तीही रात्री साडेसातला, व्हॅक्यूम घेऊन.
जिथे कुणी चालत नाही तो गालिचा
चार वर्षं साफ करते आहे.
दिवे लावण्याचे पैसे वेगळे मिळतात.
कोर्टाच्या पायरीवरून ऑफिस चालू दिसायला हवं,
मॅनेजर एकदाच म्हणाला होता, हळू आवाजात.

फेब्रुवारीत एक माणूस आला. एस्टोनियाहून. ऊर्मो.
देश मी नंतर नकाशात शोधला.
टेक्सासच्या मानाने कोट फारच जाड.
सातव्या दारावर ठोठावत होता, सभ्यपणे,
थांबून, पुन्हा.
"कुणी नसतं," म्हटलं, आणि किल्ली लावली.

टेबल. वायर नसलेला फोन.
तीन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर.
भिंतीवर रानबदकांचं चित्र, जरा तिरकं.

त्याने पत्र काढलं, घड्या पडून मऊ झालेलं.
वाकडं स्कॅन झालेलं पान सरळ करणाऱ्या
नव्वद ओळी त्याने लिहिल्या होत्या एका हिवाळ्यात
आणि उघड्यावर ठेवल्या:
घ्या, वापरा, चूक दिसली तर सुधारा.
लिस्बनच्या कुणा बाईने एक ओळ दुरुस्त केली,
हनोईच्या पोराने दोन गाळल्या.
चर्चमधली जन्ममृत्यूची दफ्तरं, दवाखान्यांचे कागद
त्यावर सरळ होतात. फुकट.
आणि या खोलीचं म्हणणं,
वाकडं सरळ करणं ही आमची मालमत्ता.

आयत्या बिळात नागोबा ऐकलं होतं.
इथे नागोबाही नाही,
नुसती बिळाच्या तोंडाशी पाटी.

"पण शोध लावणाऱ्याला काहीच मिळू नये?"
मी विचारलं, कारण माझ्या भावाने
ट्रेलरची एक कडी बनवली होती,
ती आता दुसऱ्याच्या नावाने विकली जाते,
आणि भाऊ गॅरेजमध्ये त्याबद्दल बोलत नाही.

ऊर्मो बराच वेळ गप्प.
"मिळावं की," म्हणाला.
"त्यालाच भेटायला आलो होतो."

बोलता बोलता त्याने बोटाने
बदकं सरळ केली.
दोघांच्या एकदमच लक्षात आलं.
मी हसले. त्याने हात खिशात घातला,
पुरावा लपवावा तसा.

हायवेवरून लाकडाचे ट्रक जातात,
भिंत थरथरते, चित्र पुन्हा कलतं.
मी सरळ करते. रोज.
सातव्या खोलीचा दिवा मात्र
लावायचा राहून जातो कधीकधी.