जुळणी

ओउलूत जानेवारीत दहाच्या सुमारास उजाडतं.
साडेआठला, काळ्याकुट्ट काचेपुढे उभी राहून
हिलक्का वुओरेनमा म्हणाली,
"आपण पाच वस्तू विकतो
पाच अनोळखी दुकानांसारख्या. हे आता बंद."

फळ्यावर पाच चौकोन:
कुलूप, घर तापवणारी पेटी, स्कीवाल्यांचं घड्याळ,
कानातलं यंत्र,
आणि समुद्रावरच्या बर्फाची जाडी सांगणारा तो पिवळा डबा,
जो वर्षाला जेमतेम चारशे खपतो
आणि ज्याची तक्रार आजवर आलेली नाही.
मध्ये तिनं एक गोल काढला.
एक खातं. एक पासवर्ड. एकच दार.
माणूस घरी आला की कुलपानं पेटीला सांगायचं,
पेटीनं कानाला,
कानानं घड्याळाला: दमलाय, जरा टेकू दे.

फळ्यावर मार्कर कसा सरळ चालतो.

आम्ही वसंतापर्यंत वह्या उलगडत बसलो.
पाचामुखी परमेश्वर म्हणतात,
इथे पाचामुखी पाच पत्ते.
घड्याळ माणसाला वजनावरून ओळखायचं,
कुलूप बोटावरून,
कान, त्याला न ऐकू येणाऱ्या स्वरांवरून.
पेटीला माणूस ठाऊकच नव्हता, फक्त भिंती.
आणि डब्याच्या वहीत नुसती हाकेची नावं:
बोटवाला, कालेर्वोचा धाकटा, चर्चमागची.
तेर्हो लांका, डबा ज्याच्या हातचा,
टोपी न काढता म्हणाला,
"बर्फाला तुमचं नाव कशाला हवंय?"
कुणी हसलं नाही. हिलक्कानं ते लिहून घेतलं.

एप्रिलमध्ये जुळणी पहिल्यांदा चालवली.
चाचणीला म्हणून तिनं स्वतःचा फोन नंबर दिला.

कुलूप: हिलक्का वुओरेनमा. तीन बोटं नोंदलेली,
त्यातलं एक फार लहान, सहा वर्षांत न टेकलेलं.
पेटी: हिलक्का साल्मेला. नदीपलीकडचा पत्ता. रात्री एकवीस अंश.
घड्याळ: हिलू. पहाटे चारला चालणारी. एका हिवाळ्यात नऊ किलो कमी.
कान: एच. राउत्यो. उजवीकडे वरचे स्वर नाहीत.
(बैठकीत ती कायम उजव्या टोकाची खुर्ची का धरते,
ते आम्हाला त्या दिवशी कळलं.)
डबा: ओन्नीची मुलगी. हाइलुओतोची वाट, अकरा मार्च,
चौदा सेंटिमीटर. परत फिरली.

खाली प्रश्न, आम्हीच लिहिलेला:
ही पाच माणसं एकच आहेत का?
होय. नाही.

बराच वेळ कुणी हललं नाही, म्हणून दिवे आपोआप विझले.
पडद्याच्या उजेडात तिनं विचारलं,
"नाही म्हटलं तर?"
"तर पाच राहतील," मी म्हणालो,
आणि उगाच जोडलं, "हिशेबाला बरं नाही."
तेर्होनं हात हलवून दिवे लावले.

सकाळी सर्वांना तिचं पत्र.
मोट बांधायचीच आहे, तारीख तीच, गोलही तोच.
फक्त एक बटण वाढवा:
नंतर विचारा.

सप्टेंबरात सगळं बाजारात गेलं.
लोक धडाधड होय दाबतात, वाचतही नाहीत.
डबा अजून वेगळाच विकला जातो,
स्वतःची बॅटरी, स्वतःची वही;
यादीतून तो कुणी उडवला, विचारलं तर सगळे खिडकीबाहेर बघतात.

न जुळलेली खाती मोजणं माझं काम.
दर सोमवारी एक ओळ तशीच असते,
तिच्यापुढे लिहिलेलं: नंतर विचारा.
मी तिला मोजतो, आणि खाली सरकतो.