भिंतीवरची उंची

चोपड्याच्या जुन्या जिनिंगात आता कापूस येत नाही.
लाकडी पेट्या येतात, ओस्लोहून, लिमाहून, डाकारहून,
सोबत चार पानी अटी:
तापमान एकवीस, आर्द्रता पन्नास.
बाहेर मे महिना. शेचाळीस.

तुळयांत वीस वर्षं अडकलेली रुई
अजून सुटते अधूनमधून.
काल नॉर्वेच्या बर्फावर बसली.
मऊ ब्रशनं उचलली, अहवालात लिहिलं:
‘काचेवर तंतू. स्थानिक.’

सुपडू मिस्तरी लेव्हल धरून उभा.
चित्राचा मध्य जमिनीपासून एकशे पंचेचाळीस, मी सांगते,
जगभर असंच असतं.
तो बघत राहतो:
डाकारची बाई, डोक्यावर मासळीची पाटी,
पाठीला बांधलेलं मूल
नेमकं कॅमेऱ्याकडे वळलेलं.
‘पोऱ्यास्ले दिसाव नही,’
दातांतले खिळे न काढताच म्हणतो.

मी उकिडवी बसून पाहते.
खरंच. इथून नुसती काच,
काचेत ट्यूबलाइट.

एवढा एकच फोटो खाली आणला, नव्वदवर.
बाकीचे राहिले जगाच्या उंचीवर.

नारळ, भाषणं, शाली झाल्या.
मग नगरपालिकेच्या शाळेची रांग आली,
आणि दोन वेण्यांची एक मुलगी
पाठीवरच्या मुलाच्या इतकी जवळ गेली
की काचेवर नाक उमटलं.

सुपडू फडकं घेऊन धावला.
राहू दे, म्हटलं.

संध्याकाळी अहवाल उघडला:
‘काचेवर ठसा.’
पुढे ‘स्थानिक’ लिहिलं,
खोडलं.