दुखलं तर

परभणीत, वसमत रोडला, औषधी दुकानाच्या माडीवर
आमचं दिवसापुरतं ऑपरेशन थिएटर.
उपाशीपोटी यायचं, दिवे लागायच्या आत घरी जायचं.
मुक्काम नाही, डबा नाही, खाटेखाली सोबतीणीची चटई नाही.
मी भूल देतो.
एकवीस वर्षं झाली.

प्रयागबाई जिंतूरच्या पुढून आल्या,
डाव्या हाताची दोन बोटं कडबा कुट्टीत सापडलेली.
काखेत सुई घातली, नस हुडकली, औषध सोडलं.
वीस मिनिटांत हात परका.
त्यांनी तो उजव्या हाताने उचलून पोटाशी धरला,
शेजारणीचं झोपलेलं लेकरू घ्यावं तसा.
"ह्याला काही लागू देऊ नका," म्हणाल्या,
जसं काही मी ते लेकरू
संध्याकाळी त्याच्या आईला परत करणार होतो.

सव्वाचारला मी माझी पट्टी काढली.
शून्याला हसरा चेहरा, दहाला रडका.
"मावशी, दहापैकी किती दुखायलंय?"
त्यांनी एकेक चेहरा निरखला,
पोरीसाठी स्थळ बघावं तसा.
"रुपयात एखादा आणा.
आन् तुम्ही उभं राहून इचारायलेत, म्हून अर्धाच लिवा."
पलीकडे हर्नियाचा वाजीद ओरडला, "सात लिखो, साब!"
त्याची अम्मी म्हणाली, "आठ लिखो."
मी प्रयागबाईंच्या चौकोनात एक लिहिला.
आणेवारीला आलेला तलाठी बांधावरूनच माघारी जातो,
तसा निघालो.
जाता जाता सांगितलं:
"गोळ्या दिल्यात. दुखलं तर घ्या."

रात्री दीडला हात परत आला.
पावणेदोनला मुंजाचा फोन:
"माय भिंतीला टेकून बसलीया, बोलंना."
"गोळी?"
"तुम्ही दुखलं तर म्हणलेत.
आठ वाजता तर काहीच नव्हतं, हसत भाकर खाल्ली.
आता पाणीसुद्धा गिळंना."
मागे भांडं पडल्याचा आवाज,
आणि त्याच्याही मागे एक बारीक, चिवट हूं,
जात्यासारखा, न थांबणारा.
ठणका, कळ, चमक, आग, सल, ठसठस,
इतके शब्द मला येतात.
त्या हूंला त्यातला एकही लागेना.

गोळी दे म्हणालो. दोन दे म्हणालो नाही, मोजून एक.
तिला उतरायला पाऊण तास लागतो.
तो पाऊण तास मी गच्चीवर उभा होतो.
खाली रेल्वे फाटक, त्याचा दिवा, कुत्री.
मी औषध वजनावर मोजतो, मिलीलीटरच्या दशांशापर्यंत.
'तर' मोजायचा राहून गेला.
आमच्या धंद्याचं आणि चुकीचं नाव एकच आहे,
याचं आजवर हसू यायचं.

आठव्या दिवशी टाके काढायला आल्या.
पदराची गाठ सोडून गोळ्यांची पट्टी पुढे केली,
दहातली एक गेलेली, नऊ तशाच.
"घ्या, कुणा गरिबाला व्हतील."
मी विचारलं, त्या रात्री किती होतं?
कुठलाही आकडा सांगा, मी लिहीन.
त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.
"तुमची पट्टी दहालाच संपती, साहेब.
रात कुठं दहाला संपती?"

कागद छापलेले होते, हजारभर.
वाया कशाला घालवायचे, म्हणून
पेनाने एकेका कागदावरचं 'दुखलं तर' खोडतो
आणि वर लिहितो: रात्री आठला. दुखो न दुखो.
रोज पाच-सहा कागद होतात. अजून बरेच शिल्लक आहेत.

आणि आठ वाजता फोन करतो.
काही उचलत नाहीत.
काहींच्या घरी मालिका चालू असते.
आज पाथरीचा एक जण होता, गुडघ्याचा, खुशीत.
"घेतली का गोळी?"
"अहो, अजून काहीच दुखत नाही की."
"म्हणूनच," म्हणालो.
"म्हणूनच घ्या."