आठशे पाकिटं

आतली पत्रं कुणीच ठेवली नाहीत.
तिकिटांच्या नादापायी पाकिटं तेवढी तरली,
त्यातल्याही निम्म्यांचा उजवा कोपरा
कात्रीनं नेलेला.
मला हवा असतो डावा,
जिथं दुकान बोलतं:

'इ. पेलेट्रो. सूर्यचित्रे.
वॉटर स्ट्रीट, औषधांच्या दुकानावर, दोन जिने.
ढगाळ दिवशीही काम चालते.'

ऑस्वेगोत हे छापायला छाती लागते.
इथं नोव्हेंबरात सरोवरावरून जे आभाळ येतं
ते एप्रिलपर्यंत मुक्काम हलवत नाही.
त्याखाली बारीक अक्षरात:
'लहान मुले अकराच्या आत आणावीत.
मृतांसाठी घरी येऊ. दर तोच.'

दर तोच.
एवढ्यावर मी बराच वेळ अडून बसले.

अडुसष्टातल्या एकाच्या पाठीवर पेन्सिलीचा हिशेब:
अंडी सहा डझन, पांढरं तेवढं कागदाला.
पिवळ्याचं काय केलं, ते लिहिलेलं नाही.
त्या घरात बारा महिने केकच भाजला जात असणार
आणि कुणीतरी वैतागून बशी सारत असणार.

मग एकोणसत्तरचा मार्च.
तेच पाकीट, ढगांची तीच बढाई,
फक्त 'इ.'वर शाईची रेघ
आणि वर, जागा नसताना कोंबलेलं: 'मिसेस'.

हजार छापून घेतली होती त्यानं.
हजारावर भाव उतरतो.
जेमतेम दोनशे त्याच्या हातून गेली.
उरलेली काय चुलीत घालायची?
आठशे वेळा तिनं नवऱ्याचं आद्याक्षर खोडलं,
आठशे वेळा स्वतः त्या चिंचोळ्या जागेत शिरली.
सुरुवातीची रेघ दोनदा उचललेली, मध्येच तुटलेली.
त्र्याहत्तरपर्यंत एका फटक्यात येते,
देठ छाटावा तशी.

तिचं नाव कुठंच नाही.
तसबीरही नाही. काचा म्हणे कुणा माळ्यानं नेल्या,
चेहरे घासून काढले, काकड्यांवर छप्पर घातलं.

एका पाकिटाच्या झाकणावर मात्र
डिंक दाबताना टेकलेला अंगठा आहे,
चांदीच्या पाण्यातून नुकताच निघालेला, घाईतला.
तेव्हा तो दिसलाही नसेल.
उजेड लागत गेला, तसा काळा होत गेला.

मी ते पाकीट खिडकीपासून लांब ठेवते.
कधी कधी विसरते.