घेण्यात आले

प्रयोगवहीत ‘मी’ चालत नसे.
कपाटावरचं कोळिष्टक काढावं
तशी धोटे सरांची लाल रेघ त्याच्यावरून फिरे.
पाच मिली पाणी घेण्यात आले.
साबणाचे द्रावण थेंबथेंब टाकण्यात आले.
फेस येईपर्यंत हलवण्यात आले.
कोणी, ते विचारायचं नाही.
विज्ञानाला हात नसतात, सर म्हणायचे,
फक्त डोळे.

सक्करदऱ्याची शाळा, मार्चमध्येच चाळिशी गाठलेली दुपार,
टेबलावर तीन बाटल्या: नळ, विहीर, नाग नदी.
‘नमुने गोळा करण्यात आले’ असं मी लिहिलं
आणि मागे रेवाराम हेडाऊ खोकला.
पहाटे तोच गेला होता सायकलनं.
एक चप्पल नदीच्या गाळात राहिली,
दुसरी खिडकीखाली वाळत होती, कशासाठी कोण जाणे.
‘काऊन वं पोरी,
पानी का सोताहून चालत आलं?’

मी ‘रेवारामकडून’ असं लिहून पाहिलं.
त्यावरही रेघ आली.

त्याच आठवड्यात मोठं चंचुपात्र माझ्या हातून सुटलं.
नोंदवहीत: ‘चंचुपात्र फुटले.’
महिनाअखेरीस फलकावर:
‘सत्तावीस रुपये शिपायाच्या वेतनातून
वसूल करण्यात येत आहेत.’
इथेही कर्ता नव्हता. शिक्का होता, गोल, जांभळा.
रेवारामनं तो वाचला, खिळ्यावरचं फडकं घेतलं
आणि ब्युरेट पुसायला लागला.
माझ्याकडून
गप्प बसण्यात आले.

आता लाल पेन माझ्या हातात.
पलीकडच्या वर्गात मराठीच्या बाई सांगताहेत,
भूतकाळात क्रियापद कर्माचं ऐकतं,
बाटली धुतली, पाणी आणलं,
पण कर्त्याला कोणी हाकलत नाही वाक्यातून.
‘ने’ची काठी टेकून तो उभा असतो तिथेच.
कूलरच्या घरघरीत पुढचं ऐकू आलं नाही.

समोर आठवीतल्या कुणाची वही:
‘माझा हात कापला, मी दोन थेंब जास्त टाकले.’
रेघ मारायला पेन टेकवलं, उचललं.

मग तिच्या वहीला धक्का न लावता
माझ्याच टाचणाच्या मागच्या पानावर लिहिलं:
रेवारामने पाणी आणले.
मी चंचुपात्र फोडले.

तपासून पाहिलं दोनदा.
कर्मणी प्रयोगच आहे, सर.
नियम मोडलेला नाही.