साडेआठ ग्रॅम

विमाननगरच्या मॉलमध्ये, तळमजल्यावर,
सरकता जिना उतरलं की डाव्या हाताला मी उभी असते.
काळा शर्ट, काळी पँट, छातीवर नावाची पट्टी
आणि ओठांवर, सक्तीनं, कंपनीचाच माल.

डबी काचेची. आत साडेआठ ग्रॅम.
किंमत दोन हजार चारशे.
पहिल्या दिवशी मी मनात भागाकार केला होता,
अर्ध्यात सोडून दिला.
भागाकार येणाऱ्यानं या काउंटरवर उभं राहू नये.

गिऱ्हाईक विचारतं, "खरंच फरक पडतो?"
मी शिकवलेलं बोलते : शिया, गुलाब,
कुठल्याशा डोंगरातल्या मधमाश्यांचं मेण.
ओठांत एक, पोटात एक
ही म्हण माझ्याच धंद्यासाठी निघाली असावी.

पोटातलं सांगते.

माझे वडील बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात.
हिरामण जावळे, दत्तवाडी.
लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, एक बटण वेगळं.
तुळशीचं लग्न लागलं की माणसांची सुरू होतात
आणि नेमकी तेव्हाच नदीकाठची लॉन्स गारठतात.
पितळ ओठाला चावतं.
नवरदेव घोड्यावरून उतरेस्तोवर
खालच्या ओठाची मधली चीर उघडलेली असते,
माऊथपीसवर लाल ठिपका.
लोक नाचत असतात.
नाचावंच त्यांनी, त्याचेच पैसे मिळतात.

त्यांचं औषध म्हणजे कोकमतेलाचा गोळा,
मंडईमागच्या काष्ठौषधीवाल्याकडचा,
फिकट पिवळा, खडूसारखा कडक.
झोपताना चहाच्या गरम पातेल्याला टेकवायचा,
पाझरला की बोटानं ओठांवर.
वास म्हणाल तर विझलेल्या मेणबत्तीचा.
उरलेला आईच्या टाचांना.

गेल्या डिसेंबरात मला पहिला इन्सेंटिव्ह मिळाला.
स्टाफचे तीस टक्के वजा जाऊन सोळाशे ऐंशी.
घेतली डबी.
आईला सांगितलं, तीनशेची.
"तीनशे!" म्हणून तिनं कपाळाला हात लावला.
खरा आकडा त्या कपाळाला पेलला नसता.

वडिलांनी लावलं. आरशात बघितलं. ओठ मिटून उघडले.
दुसऱ्या दिवशी रात्री साडेअकराला आले
आणि चप्पल काढता काढता म्हणाले,
"मऊ आहे गं. पण सूर घसरतो."
माऊथपीस जागेवर राहीना,
वरचा सा धरता येईना,
क्लॅरिनेटवाल्या गुलाबभाईंनी सावरून घेतलं म्हणून बरं.
आणि चीर?
चीर तशीच होती.
थोडी चकाकत होती, इतकंच.

तर हे उत्तर. काउंटरवर देता येत नाही.

मार्चपर्यंत डबी रिकामी झाली.
(कुणी संपवली, ते आईच्या टाचांना विचारा.)
वडिलांनी ती गरम पाण्यानं धुतली,
कोकमतेल वितळवून आत ओतलं
आणि कोटाच्या खिशात टाकली.

मैत्रिणीच्या लग्नात, डीपी रोडला, पाहिलं मी.
वाजवून झालेलं, ट्रम्पेट पेटीत गेलेलं,
बँडवाले पायरीवर टेम्पोची वाट बघत.
वडिलांनी खिशातून डबी काढली,
अंगठ्यानं उघडली, सावकाश,
जहागीरदारानं अत्तर काढावं तशी,
लावलं, आणि झाकण मिटलं.
टक्.
त्या झाकणात चुंबक आहे.
ताशावाल्याच्या पोरानं बोट पुढे केलं.
त्यालाही दिलं. टक्.
मग कुणालाच लागत नसताना एकदा.
टक्.

आज सकाळी एक बाई आल्या, कोथरूडच्या असाव्यात,
चष्मा कपाळावर ढकलून म्हणाल्या,
"ते मेणबिण बाजूला ठेव. तू घेतलं असतंस का?"
घेतलंय, मी म्हणाले.
"मग?"
मी डबी उघडली, त्यांच्या कानाशी नेली
आणि झाकण सोडलं.

बाईंनी मान जरा तिरकी केली.
"हं," म्हणाल्या, "पुन्हा कर."